‘भाव’ म्हणजे नेमकं काय? शाळेत, शेतात आणि बाजारात विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी मराठी शिकवते. भाववाचक नामाचा पाठ आमच्याकडे बहुतेक दिवाळीनंतर येतो, म्हणजे घरोघरी कापूस येऊन पडलेला असतो तेव्हा. फळ्यावर ‘भाव’ एवढं लिहिलं की मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, “मॅडम, कायचा भाव? कापसाचा?” हा प्रश्न मी कधी उडवून लावला नाही. या एका शब्दाबद्दल मुलांनी, त्यांच्या पालकांनी आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी वेळोवेळी जे विचारलं, ते इथे उत्तरांसह लिहिलं आहे.

‘भाव’चा मूळ अर्थ काय?

असणं, होणं. संस्कृतात ‘भू’ हा धातू याच अर्थाचा आहे आणि ‘भाव’ त्याच्यापासून आला. होऊन गेलं ते भूत, व्हायचं आहे ते भविष्य आणि भावी, जिथे सगळं होतं-जातं तो संसार म्हणजे भव. अनुभव, संभव, उद्भव ही त्याच घरातली मंडळी. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे शब्दांची मुळं उलगडणाऱ्या जुन्या संस्कृत ग्रंथात, शब्दांच्या जाती सांगताना म्हटलं आहे की क्रियापदात भाव मुख्य असतो आणि नामात सत्त्व मुख्य असतो. सत्त्व म्हणजे उभी असलेली वस्तू, भाव म्हणजे तिचं घडणं. मनातल्या हळव्या गोष्टीला भाव म्हणायचं हे बरंच पुढचं. आधी ‘होणं’ ध्यानात ठेवलं की बाकीचे अर्थ आपोआप रांगेत येतात.

हे ‘होणं’ शेतात दाखवता येईल का?

येईल, आणि मी तरी दुसरीकडे कुठे दाखवत नाही. निरुक्तात वार्ष्यायणी या आचार्याच्या नावाने सहा भावविकार दिले आहेत, म्हणजे ‘होण्या’ची सहा रूपं: जन्मतं, असतं, पालटतं, वाढतं, झिजतं, नाहीसं होतं. मुलांना घेऊन मी शाळेमागच्या वावरात जाते. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर सरकीतून कोंब वर येतो, हे जन्मणं. आठ-दहा दिवसांनी बाप तासातून फिरतो, कुठे खाडा पडला ते पाहतो आणि नांग्या भरतो, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा सरकी लावतो. म्हणजे इथे झाड आहे, तिथे नाही, एवढंच तो बघत असतो. हे असणं. मग पाती धरते, फूल येतं. कपाशीचं फूल उमलतं तेव्हा पांढरट असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. झाड तेच, फूल तेच, पण पालटलं. वाढणं तर कंबरेएवढ्या पऱ्हाटीत उभं राहिल्यावर कोणालाही कळतं. शेवटी पानं लाल पडतात, झाड थकतं, आणि वेचा संपला की पऱ्हाटी उपटून चुलीपुढे येते.

एक गोष्ट मला या यादीत फार आवडते. पालटणं आधी आणि वाढणं नंतर सांगितलं आहे. आपण मुलांना उलटं शिकवतो, आधी मोठा हो मग बदल. सरकीचा कोंब होतो तेव्हा ती वाढलेली नसते, पालटलेली असते.

या सहाही गोष्टी हातात धरता येत नाहीत. हातात येतं ते झाड. झाडाचं ‘होणं’ फक्त कळतं. तो भाव.

मग कापसाचा भाव आणि देवावरचा भाव हा एकच शब्द कसा?

पाठात नसूनही सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे. मी त्याचं उत्तर असं देते. भाव म्हणजे एखादी गोष्ट कशी आहे, कोणत्या स्थितीत आहे ते. माणसाचं मन देवाकडे कसं लागलं आहे, तो त्याचा भाव. चेहऱ्यावर मन कसं उमटलं आहे, तेही भाव. आणि आज बाजारात कापूस कसा उभा आहे, तो कापसाचा भाव. हिंदी आणि गुजरातीतही दराला भावच म्हणतात, म्हणजे ही जोड फक्त आपल्या गावापुरती नाही.

ही जोड कृत्रिम वाटत असेल तर गावातलं बोलणं ऐका. “यंदा कापसाले भाव नाही” असं माझे बाबा म्हणतात तेव्हा ते फक्त रुपयांचा आकडा सांगत नसतात. कापसाला कोणी विचारत नाही, त्याची गणती नाही, हेही त्यात असतं. “घरात म्हाताऱ्याले भाव नाही” या वाक्यात रुपये नाहीतच, तरी अर्थ तोच.

भाव, किंमत, दर आणि मोल यांत फरक काय?

किंमत एका वस्तूची असते, भाव त्या जातीच्या मालाचा असतो. बैलजोडीची किंमत ठरते. “या बैलाचा भाव काय?” असं कोणी विचारत नाही. पण “औंदा बैलाचे भाव उतरले” असं म्हणतात, कारण तिथे सगळ्या बैलांची गोष्ट चालली आहे. घराची किंमत, सोन्याचा भाव. शेताची किंमत होते आणि त्या शिवारात एकराला काय भाव चालू आहे हेही विचारलं जातं. दर हा सरकारी कागदावरचा शब्द, विजेचा दर, व्याजाचा दर. मोल या शब्दात कष्ट आणि मान दोन्ही येतात, म्हणून मोलमजुरीही आहे आणि अनमोलही आहे.

यातून एक बारीक गोष्ट दिसते. पैशाच्या अर्थाने वापरला तरी ‘भाव’ हातात येत नाही. हातात येतो तो चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे. भाव कळतो, चुकारा मिळतो, आणि या दोहोंच्या मध्ये शेतकऱ्याचे दिवस जातात.

हमीभाव हा शब्द कसा समजावायचा?

हमी म्हणजे जबाबदारी घेऊन दिलेला शब्द. भाव यापेक्षा खाली गेला तर सरकार या भावाने घेईल, हा तो शब्द. कागदावर त्याला किमान आधारभूत किंमत म्हणतात. कृषी मूल्य आयोग १९६५ साली नेमला गेला, पुढे १९८५ मध्ये त्याचं नाव कृषी खर्च व मूल्य आयोग झालं. हा आयोग शिफारस करतो आणि केंद्र सरकार भाव जाहीर करतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये जाहीर झाले.

मी हे आकडे मराठीच्या तासाला फळ्यावर लिहिते. एका पालकांनी विचारलं होतं की व्याकरणात हे कशाला. माझं म्हणणं असं की ‘हमी’ हे भाववाचक नाम आहे, आणि त्याला आधार देणारी सोय नसेल तर ते नुसतं नाम उरतं. हे बारा वर्षांच्या मुलाला कळतं. आपल्याकडे १९७२ पासून कितीतरी वर्षं एकाधिकार कापूस खरेदी चालली, म्हणजे कापूस फक्त सरकारी केंद्रावरच घालायचा. त्या काळातल्या केंद्रांवरच्या बैलगाड्यांच्या रांगा मुलांच्या आजोबांना अजून आठवतात. घरी जाऊन ‘हमी’चा अर्थ आजोबांना विचारा, असा गृहपाठ मी देते. शब्दकोशापेक्षा मोठं उत्तर येतं.

भाववाचक नाम म्हणजे काय?

वस्तूत किंवा माणसात असलेला गुण, धर्म किंवा त्याची स्थिती सांगणारं नाम. जुन्या व्याकरणकारांची भाषा इथे जास्त स्वच्छ आहे. ज्याच्या अंगी गुण असतो तो धर्मी, आणि जो गुण असतो तो धर्म. माणूस हा धर्मी, माणुसकी हा धर्म. सामान्यनाम आणि विशेषनाम ही धर्मिवाचक, भाववाचक नाम हे धर्मवाचक. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या मराठी व्याकरणापासून आपल्याकडे ही मांडणी रुळली आहे.

पाणिनीचं एक सूत्र आहे, ‘तस्य भावस्त्वतलौ’. ‘त्याचं असणं’ सांगायचं असेल तर ‘त्व’ किंवा ‘ता’ लावा, इतकं सरळ. कवीचं कवी असणं म्हणजे कवित्व. बंधूचं बंधू असणं म्हणजे बंधुता. आपल्या वर्गातलं ‘भाववाचक’ हे नाव त्याच सूत्रातल्या ‘भावा’चं आहे. भावना दाखवणारं नाम ते भाववाचक, असं पुष्कळ मुलं लिहून येतात. त्यांचा दोष नाही, शब्दच फसवा आहे. राग, लोभ, प्रेम ही भाववाचक आहेत, पण उंची, रुंदी, काळेपणा, मालकी हीसुद्धा भाववाचकच आहेत. उंचीत कसली आली भावना?

जे दिसत नाही, हाताला लागत नाही, ते सगळं भाववाचक का?

नाही. या एका चुकीच्या ओळीने परीक्षेत फार मुलांचे गुण गेले आहेत. वारा दिसत नाही, तरी वारा हे सामान्यनाम. आवाज, वास, वीज हीसुद्धा तशीच. देव दिसत नाही, पण देव हे सामान्यनाम, देवपण हे भाववाचक. भुताचंही तसंच. कोणी पाहिलं असो नसो, व्याकरणात ते धर्मी आहे.

ओळखायची खूण अशी: ‘कोणाचा?’ किंवा ‘कशाचा?’ असा प्रश्न टाळता येतो का ते बघा. वारा एकटा सुटतो. गोडवा एकटा कुठेच नसतो, तो उसाचा असतो, बोलण्याचा असतो, विहिरीच्या पाण्याचा असतो. ज्या नामाला राहायला दुसऱ्याचं घर लागतं, ते भाववाचक. अगदी दोरीने मापल्यासारखी ही खूण नाही, पण दहातले नऊ शब्द तिने सुटतात.

ओलावा तर यंत्राने मोजतात. मग तो भाववाचक कसा?

हा प्रश्न आठवीतल्या एका मुलीने विचारला आणि मी दोन दिवस विचार केला. ती वडिलांबरोबर खरेदी केंद्रावर गेली होती. तिथे कापसात यंत्राची सुई खुपसतात आणि ओलाव्याचा आकडा येतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात, बाराच्या वर गेला तर कापूस परत. त्या दिवशी त्यांची गाडी परत आली होती.

मोजता येणं न येणं याचा भाववाचकाशी संबंध नाही, हे मला तिच्यामुळे नीट कळलं. उंची फुटपट्टीने मोजतो, ताप थर्मामीटरने, ओलावा सुईने. तरी कापूस बाजूला काढून नुसता ओलावा मुठीत घेता येत नाही. पाणी घेता येईल. ओलावा म्हणजे कापसाचं ओलं असणं, आणि ते कापसापासून वेगळं होत नाही. म्हणून भाववाचक. तिच्या वहीत मी तिचंच वाक्य उदाहरण म्हणून लिहायला लावलं: “ओलावा चौदा निघाला आणि आम्ही घरी आलो.” त्याच्या खाली तिने स्वतःहून दुसरं लिहिलं: “आजीच्या बोलण्यात ओलावा आहे.” तिथे सुई चालत नाही, शब्द मात्र तोच चालतो.

भाववाचक नामं तयार करायचे प्रत्यय कोणते, आणि ते कसेही लावता येतात का?

त्व, ता, य, पण, पणा, ई, की, गिरी, वा, वी, आई. शत्रुत्व, समता, शौर्य, बालपण, वेडेपणा, गरिबी, आपुलकी, गुलामगिरी, गारवा, थोरवी, नवलाई. ‘गिरी’ फारसीतून आला. ‘पण’ मात्र आपला जुना आहे, वैदिक ‘त्वन’ प्राकृतातून घासत घासत इथवर पोचला. म्हणजे मनुष्यत्वातला ‘त्व’ आणि माणूसपणातला ‘पण’ हे दूरचे नातलग. एक पाठशाळेत राहिला, दुसरा गावात आला.

कसेही लावता येत नाहीत. शूरपासून शौर्य झालं की काम संपलं, पुन्हा ‘शौर्यता’ करायची नाही. तरी ‘सौंदर्यता’, ‘ऐक्यता’, ‘साम्यता’, ‘औदार्यता’ हे शब्द भाषणांत आणि पत्रिकांत सर्रास दिसतात. सौंदर्य किंवा सुंदरता, साम्य किंवा समता, एवढंच पुरे.

पण आणि पणा यांतला फरक कानाने ओळखावा लागतो. माणूसपण, आईपण, शेतकरीपण यांत त्या असण्याचा मान आहे. मूर्खपणा, चोंबडेपणा, आगाऊपणा यांत बोट दाखवणं आहे. साधेपणा, मोठेपणा चांगले आहेत, त्यामुळे याचा नियम करता येत नाही, पण कल तसा दिसतो. ‘शहाणपण’ कौतुकाने म्हणतात आणि ‘शहाणपणा करू नको’ दटावताना. एका काना-मात्रेत माणसाची पाठ थोपटली जाते किंवा कान पिळला जातो.

वऱ्हाडीत असे शब्द आहेत का? की हे सगळं पुस्तकी मराठीचंच?

या प्रश्नाने मला दरवेळी वाईट वाटतं. विचारणाऱ्या मुलाला कोणीतरी सांगितलेलं असतं की आपली बोली वस्तूंपुरती आहे, विचार करायचा तर प्रमाण मराठीत करायचा. हे खरं नाही. मानुसकी, शहानपन, मोठेपना, इमान, माया, घोर, आस, हौस, धास्ती, उमेद, पत, अब्रू हे आमच्या गावात दिवसभर बोललेले शब्द आहेत. यांतला ‘ण’चा ‘न’ झाला म्हणून अर्थ पातळ होत नाही.

“पोराचा लय घोर लागला वं बाई” यातला घोर घ्या. चिंता म्हटलं तर तो पुरा होत नाही, काळजी म्हटलं तर होत नाही. चिंता आपण करतो, घोर आपल्याला लागतो. पाऊस लांबला की गावाला लागतो तो हाच. आणि ‘पत’ बघा. दुकानदार उधार देतो ते पतीवर, सोयरीक जमते ती पतीवर, बँक कर्ज देताना जे विचारते तेही तेच. इतकी गुंतागुंतीची कल्पना दोन अक्षरांत मावते, आणि ती न शिकलेल्या बाईलाही बिनचूक वापरता येते. मी मुलांना आधी घरातले असे शब्द वेचून आणायला सांगते, पुस्तकातले नंतर.

भावकी, भावजय यांतला ‘भाव’ तोच का?

तो वेगळा. भाऊ हा शब्द संस्कृत ‘भ्रातृ’पासून आला. भावकी, भावजय, भावंडं, भाऊबंद ही सगळी त्याची माणसं. घोटाळा होतो तो सामान्यरूपामुळे: भाऊचंही ‘भावाला’ होतं आणि भावचंही ‘भावाला’. “भावानं मारलं” म्हटलं तर सख्ख्या भावाने की कापसाच्या, हे पुढच्या वाक्यावरूनच कळतं.

भाव, भावना, भावार्थ. आणि भाविक, भावुक, भावनिक – यांत गल्लत होते. कसं लक्षात ठेवायचं?

भाव ही स्थिती, भावना ही त्या स्थितीची मनाला झालेली जाणीव. भावार्थ म्हणजे शब्दांच्या पोटातलं म्हणणं. भाविक तो ज्याच्या मनात श्रद्धा आहे, वारीला जाणारा, रिद्धपूरला जाणारा. भावुक म्हणजे लवकर डोळे भरून येणारा. भावनिक हे माणसाला नव्हे, गोष्टीला लावायचं: भावनिक प्रश्न, भावनिक नातं. “तो भावनिक झाला” असं हल्ली लिहितात. मी वहीत ‘भावुक झाला’ किंवा ‘गहिवरला’ करून देते.

रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं तीर्थ. ते आलंच आहे तर सांगते. महानुभाव या नावातही आपला शब्द आहे: महा आणि अनुभाव, ज्याचा प्रभाव थोर तो.

कृषी विभागाच्या संदेशात ‘बोंडअळीचा प्रादुर्भाव’ येतं. त्यातही हाच भाव?

हाच. ‘प्रादुस्’ म्हणजे उघड, डोळ्यांपुढे. प्रादुर्भाव म्हणजे दिसू लागणं. म्हणून अळीचा प्रादुर्भाव झाला म्हणजे ती आत्ताच आली असं नाही, ती आता नजरेत आली. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, बाहेरून कळतही नाही, तेव्हा हा अर्थ किती नेमका बसतो ते बघा. तोच शब्द देवाच्या प्रकटण्यालाही वापरलेला जुन्या लिखाणात सापडतो.

‘पाण्याचा अभाव’ म्हणावं की ‘पाण्याची टंचाई’?

थोडं पाणी असेल तर टंचाई, अजिबात नसेल तर अभाव. टँकर येतो तिथे टंचाई आहे. बातम्यांत दोन्ही सारखेच वापरतात, आणि त्यामुळे अभावाची धार गेली.

न्याय-वैशेषिक या जुन्या दर्शनांतल्या मंडळींनी अभावाचा इतका बारकाईने विचार केला की त्याला एक स्वतंत्र पदार्थ मानलं आणि चार प्रकार सांगितले. मला ते शेतावर लावून बघायला आवडतात. जूनमध्ये कोठीत कापूस नाही, कारण अजून झालाच नाही: प्रागभाव. गारपिटीने उभा कापूस गेला: प्रध्वंसाभाव. वाऱ्याला कधीच रंग नसतो: अत्यंताभाव. गाय म्हणजे बैल नव्हे: अन्योन्याभाव. पहिल्या दोन्हींत कोठी सारखीच रिकामी दिसते. पण पहिल्या रिकामपणात उमेद आहे आणि दुसऱ्यात नाही. ‘नाही’ या एका शब्दात एवढा फरक असतो, हे मुलांना पाठ करायला लावावं लागत नाही. त्यांनी दोन्ही कोठ्या पाहिलेल्या असतात.

जाता जाता: ‘अभावी’ जोडून लिहायचं. पावसाअभावी, निधीअभावी.

भावे प्रयोगाला ‘भावे’ का म्हणतात?

कारण तिथे क्रियापद कर्त्याचंही ऐकत नाही आणि कर्माचंही. ‘त्यानं बैलाला हाकललं’, ‘तिनं बैलाला हाकललं’, ‘त्यांनी गाईंना हाकललं’. कोणीही असो, हाकललं ते हाकललंच. उरतं फक्त घडणं, म्हणजे भाव. म्हणून भावे. ‘उजाडलं’, ‘सांजावलं’, ‘गडगडतं’ यांत तर कर्ता शोधूनही सापडत नाही. व्याकरणाच्या पुस्तकांत त्याला भावकर्तरी म्हणतात. कोण उजाडलं? कोणी नाही. नुसतं होणं, मूळ अर्थाला धरून.

नाटकात ‘भाव’ म्हणतात ते कोणते?

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक असे मिळून ४९ भाव आहेत. घाम फुटणं, अंगावर काटा येणं, आवाज फुटणं, डोळ्यांत पाणी येणं हे सात्त्विकांतले. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागात झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. तिथे प्रेक्षकांत बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर यांतले निम्मे तरी मोजून घ्या.

बंधुभाव आणि बंधुता एकच का?

व्याकरणाने एकच. ‘ता’ म्हणजेच भाव, हे पाणिनीच्या सूत्रात वर आलंच. वापर मात्र वेगळा झाला. बंधुता संविधानाच्या उद्देशिकेत आहे, स्वातंत्र्य आणि समतेच्या पाठोपाठ. बंधुभाव आमच्या गावात तुकडोजी महाराजांच्या प्रार्थनेतून आला. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत तो शब्द लहान पोरंही म्हणतात. सेवाग्रामच्या एकादश व्रतांत ‘सर्वधर्मसमानत्व’ आहे आणि ‘स्पर्शभावना’ही आहे, म्हणजे शिवाशिव न मानणं. ता, त्व, भाव, भावना: एकच ओढ चार तऱ्हांनी सांगितलेली, आणि चारही आमच्या दोन-तीन जिल्ह्यांच्या हवेतली. मला मात्र एक फरक जाणवतो. बंधुता हक्काने मागता येते, बंधुभाव मागता येत नाही, तो धरावा लागतो. मराठीत ‘भाव धरणे’ असंच म्हणतात.

भाव खाणे, भाव देणे, भाव करणे, भाव फुटणे?

भाव करणे म्हणजे घासाघीस. भाव फुटणे म्हणजे हंगामाचा पहिला भाव जाहीर होणं. भाव न देणे म्हणजे दखल न घेणं, भाव खाणे म्हणजे उगाच ताठा दाखवणं. जिवाभावाचा माणूस यात पैसा कुठेच नाही.

माधुरी, करुणा, शांती ही भाववाचक ना?

गुणाचं नाव असेल तेव्हा. वर्गातल्या मुलीचं नाव असेल तर विशेषनाम. ‘त्याच्या लबाड्या मला माहीत आहेत’ असं अनेकवचन झालं की ते सामान्यनामासारखं वागतं, कारण आता गुण नाही, त्या गुणाने केलेल्या एकेक गोष्टी मोजल्या जात आहेत.

कल्पना, संकल्पना आणि भाव यांत काय फरक?

भाव वस्तूत असतो, कल्पना आपल्या डोक्यात. अनेक कल्पना नीट बांधून तयार होते ती संकल्पना. चांगुलपणा आजीत आहे. ‘चांगुलपणा म्हणजे काय’ याचा मी केलेला विचार ही संकल्पना.

लहान मुलांना हे कसं शिकवावं?

व्याख्येपासून सुरुवात करू नये. आमच्याच मुलखात सातशे वर्षांपूर्वी याची रीत घालून दिलेली आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी अवघड तत्त्वं मराठीत, रोजच्या दाखल्यांनी सांगितली. केसोबासांनी ते दाखले दृष्टांतपाठात जमवले, एकूण ११४. त्याची बांधणी अशी: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दोहोंची सांगड घालणारं दार्ष्टांतिक. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यात आहे. कोणाला तो खांब वाटतो, कोणाला सूप. मी मुलांसाठी क्रम थोडा फिरवते. दृष्टांत आधी, सूत्र शेवटी.

प्रत्येकाने घरून एक वस्तू आणायची. बोंड, विळा, आजीची गोधडी, भाकरीचा तुकडा, काहीही. ती टेबलावर ठेवायची आणि तिच्यातलं असं काहीतरी सांगायचं जे तिच्यावेगळं काढून टेबलावर ठेवता येणार नाही. विळ्याची धार. भाकरीची गोडी. बोंडाचा हलकेपणा. एकदा गोधडी आणलेल्या मुलाला काही सुचेना. वर्ग वाट बघत होता. मग तो म्हणाला, “मॅडम, हिची ऊब. पन ते तं आजी गेल्यावर बी हाये.”

मी फळ्यावर ‘ऊब’ लिहिलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.